हेलिकॉप्टर नंतर, आधी रेडिओ

रिमोटवरचं हेलिकॉप्टर उडवायचं मनात आलं की माणूस हेलिकॉप्टरंच बघत सुटतो. कुठलं दिसायला भारी, कुठल्याची पाती केवढी, कुठलं उलटं उडतं. हातात धरायचा ट्रान्समीटर हा त्याच डब्यातून आपोआप निघणारा जोडीदार, अशी समजूत असते. खेळण्यांच्या दुकानातल्या हेलिकॉप्टरपुरती ती खरीही आहे. पण छंद म्हणून या वाटेला लागायचं असेल तर खरेदीचा क्रम उलटा लावावा. हेलिकॉप्टर पडणार, मोडणार आणि काही काळाने बदललंही जाणार. रेडिओ (उडवणारी मंडळी ट्रान्समीटरला रेडिओच म्हणतात) नीट निवडला तर पुढची तीन-चार हेलिकॉप्टरं तोच सांभाळतो. शिवाय पुढे कुठली हेलिकॉप्टरं घेता येतील हेही बरंचसं रेडिओवरच ठरतं.

## कुठलं हेलिकॉप्टर, किती चॅनेल

सगळ्यात खालच्या पायरीवर सायमा एस१०७जीसारखी दिवाणखान्यात उडणारी हेलिकॉप्टरं. यांचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा अवरक्त किरणांवर चालतो, म्हणजे त्यात रेडिओ नाहीच. उन्हात नेलं की ते ऐकेनासं होतं. मुलांना द्यायला उत्तम, पण यावर हात बसवून पुढे मोठं हेलिकॉप्टर उडवता येईल अशी आशा ठेवू नये.

त्यावर येतात 'फिक्स्ड पिच' हेलिकॉप्टरं. यात मुख्य पात्यांचा कोन कायम असतो. वर जायचं तर पाती जोरात फिरवायची, खाली यायचं तर हळू. वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलणं आणि शेपटी फिरवणं अशा चार आज्ञा, म्हणून चार चॅनेल. डब्ल्यूएलटॉईजचं व्ही९११ यातलंच.

खरा खेळ 'कलेक्टिव्ह पिच'चा. इथे पाती जवळपास एकाच वेगाने फिरत राहतात आणि त्यांचा कोन बदलून हेलिकॉप्टर चढवलं-उतरवलं जातं. मोठी, माणसं नेणारी हेलिकॉप्टरंही याच तत्त्वावर उडतात. आज्ञा त्वरित पोचते, वाऱ्यात टिकाव लागतो आणि कोन उणे करता येतो म्हणून उलटंही उडता येतं. यासाठी किमान सहा चॅनेल लागतात: एलेरॉन, एलिव्हेटर, थ्रॉटल, रडर, शेपटी स्थिर ठेवणाऱ्या जायरोची संवेदनशीलता आणि पिच. विमानांमधून आलेली ही नावं हेलिकॉप्टरलाही चिकटली आहेत. हेलिकॉप्टरला एलेरॉन नसतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी कुणी नाव बदललेलं नाही.

आजकालच्या हेलिकॉप्टरांवर तोल सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक युनिट असतं, त्याला फ्लायबारलेस किंवा एफबीएल म्हणतात. त्यात शांत आणि चपळ अशा वेगवेगळ्या सेटिंग करून ठेवता येतात, आणि त्या एका कळीवर बदलायच्या तर सातवा चॅनेल लागतो. गडबडल्यावर हेलिकॉप्टर आपोआप सरळ करणारी 'रेस्क्यू' सोय हवी तर आठवा. आठ चॅनेल असले की नवशिक्याचं भागलं. डब्यावरचा सोळा हा आकडा बघून जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

## डब्यावर न दिसणारी गोष्ट

चॅनेलचा आकडा डब्यावर ठळक छापलेला असतो. त्याहून महत्त्वाचं असतं ते आतल्या मेनूत, आणि ते सहसा कुणी विचारत नाही: या रेडिओत हेलिकॉप्टरसाठी वेगळा प्रोग्रॅम आहे का? ड्रोन किंवा विमानासाठी बनवलेल्या काही स्वस्त रेडिओंत तो नसतो, आणि मग सहा काय, दहा चॅनेल असूनही कलेक्टिव्ह पिच हेलिकॉप्टर उडवता येत नाही.

या प्रोग्रॅममध्ये पहिली गोष्ट म्हणजे दोन वक्ररेषा, अर्थात थ्रॉटल कर्व्ह आणि पिच कर्व्ह. डावी स्टिक एकच, पण ती वर सरकवली की मोटरचा जोर आणि पात्यांचा कोन या दोन्ही गोष्टी बदलतात. कुठल्या जागी कोणाला किती द्यायचं हे या कर्व्ह ठरवतात. समजा पाच बिंदूंचा कर्व्ह आहे. शिकताना थ्रॉटल ०, ४०, ६०, ७०, ७५ असा चढता ठेवतात. पिच स्टिक तळाशी असताना उणे दोन-तीन अंश, मधोमध अधिक पाचच्या आसपास आणि टोकाला नऊ-दहा. हेलिकॉप्टर साधारण अधिक पाच अंशांवर एका जागी तरंगतं, म्हणून स्टिक मध्यावर आली की ते तरंगावं अशी ही मांडणी. आकडे हेलिकॉप्टरगणिक थोडे हलतात. ते बदलता येणं महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट, फ्लाइट मोड. एका कळीवर 'नॉर्मल' आणि 'आयडल अप' असे दोन-तीन संच लावता आले पाहिजेत. नॉर्मलमध्ये स्टिक तळाला नेली की मोटर बंद होते. आयडल अपमध्ये थ्रॉटलची रेषा सपाट असते, म्हणजे स्टिक कुठेही असो, पाती पूर्ण वेगाने फिरत राहतात आणि स्टिक फक्त कोन बदलते. इथे नवशिक्याचा घात होतो. घाबरून स्टिक तळाला ओढली की नॉर्मलमध्ये हेलिकॉप्टर बसकण मारतं. आयडल अपमध्ये तीच स्टिक पात्यांना मोठा उणे कोन देते आणि हेलिकॉप्टर पूर्ण ताकदीनिशी जमिनीत घुसतं.

याशिवाय ड्युअल रेट आणि एक्स्पो लागतात. रेटने स्टिकची एकूण पोच कमी होते, एक्स्पोने मध्याजवळची हालचाल मऊ होते. एक गंमत इथे सांगून ठेवतो. स्पेक्ट्रमच्या रेडिओत एक्स्पो अधिक ३० ठेवला की स्टिक मऊ होते. फुताबात त्यासाठी उणे ३० ठेवावं लागतं. एका कंपनीच्या रेडिओचे आकडे दुसऱ्यात जसेच्या तसे उतरवले तर मऊ व्हायच्या ऐवजी स्टिक भलतीच तिखट होते.

## थ्रॉटल होल्ड

या एका कळीसाठी वेगळा मथळा द्यायला हवा. थ्रॉटल होल्ड चालू केला की स्टिक आणि मोड काहीही असो, मोटर बंद. पात्यांचा कोन मात्र तुमच्या हातात राहतो, त्यामुळे हवेत मोटर बंद पडल्यावर फिरत्या पात्यांच्या जोरावर अलगद उतरण्याचा सरावही पुढे यानेच करता येतो. नवशिक्याला त्याची गरज वेगळ्या कारणासाठी आहे.

४५० वर्गातलं हेलिकॉप्टर घ्या, जे आकाराने मधलं समजतात. रोटरचा व्यास सुमारे ७० सेंटीमीटर. मिनिटाला २५०० फेऱ्या धरल्या तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३३० किलोमीटरच्या घरात जातो, आणि ही पाती बहुधा कार्बन फायबरची असतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका बागेत सप्टेंबर २०१३ मध्ये १९ वर्षांच्या एका तरुणाचा स्वतःच्याच रिमोट हेलिकॉप्टरची पाती लागून मृत्यू झाला. याला खेळणं म्हणायचं की नाही हे त्यानंतर ज्याने त्याने ठरवावं.

म्हणून रेडिओ घेताना होल्डची कळ कुठे आहे ते बघा. स्टिकवरचा हात न काढता, न बघता, एका बोटाने लागली पाहिजे. हेलिकॉप्टर उचलताना, बॅटरी जोडताना, मैदानावर ठेवून मागे येताना होल्ड चालूच ठेवायचा असतो. चांगले रेडिओ सुरू करताना कळी चुकीच्या जागी असतील तर ओरडून सांगतात आणि त्या जागेवर आणेपर्यंत पुढे जाऊ देत नाहीत. आयडल अपची कळ चुकून चालू राहिलेली असताना बॅटरी जोडली तर काय होऊ शकतं याचा विचार केला की या ओरडण्याचा त्रास वाटत नाही.

याच पंगतीतलं फेलसेफ. रेडिओचा संपर्क तुटला तर हेलिकॉप्टरवरच्या रिसीव्हरने काय करायचं हे आधी ठरवून ठेवायचं. उत्तर एकच: मोटर बंद. हेलिकॉप्टर पडेल, पडू दे.

## मिक्सिंग कोण करणार?

हा भाग कोरडा आहे, पण इथे अडकून आठवडे घालवणारे लोक आहेत, म्हणून थोडक्यात. मुख्य पात्यांखालची तबकडी, म्हणजे स्वॅशप्लेट, बहुतेक हेलिकॉप्टरांत १२० अंशांवर बसवलेल्या तीन सर्वोंनी, म्हणजे छोट्या मोटरींनी, हलते. कुठल्या आज्ञेला कुठला सर्वो किती हलायचा हे गणित कुणीतरी करावं लागतं. जुन्या, फ्लायबारच्या दांडीवाल्या हेलिकॉप्टरांत ते रेडिओ करायचा. आता ते एफबीएल युनिट करतं. त्यामुळे एफबीएल असलेल्या हेलिकॉप्टरसाठी रेडिओत स्वॅशचा प्रकार 'नॉर्मल', म्हणजे एका सर्वोचा, ठेवायचा. तिथे १२० निवडलं तर एकच गणित दोनदा होतं आणि तबकडी वेड्यासारखी हलते. याच कारणाने एफबीएल हेलिकॉप्टरवर रेडिओची ट्रिम बटणं वापरायची नसतात. युनिट ट्रिमला आज्ञा समजतं आणि हेलिकॉप्टर सावकाश कलत राहतं.

## गेज जुळलं पाहिजे

आजचे जवळपास सगळे नवे रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्याआधी भारतात आणि बाहेरही ७२ किंवा ३५ मेगाहर्ट्झचे, क्रिस्टल बदलायचे सेट होते. मैदानावर दोघांचे क्रिस्टल एकच निघाले की एकाचं विमान गेलंच. जुन्या बाजारात असा सेट स्वस्तात दिसला तर आठवण म्हणून घ्यावा, उडवायला नको.

पण सगळे २.४ वर आहेत म्हणून सगळे एकमेकांशी बोलतात असं नाही. प्रत्येक कंपनीची संदेशपद्धत वेगळी. स्पेक्ट्रमची डीएसएमएक्स, फुताबाच्या एस-एफएचएसएस आणि इतर, फ्लायस्कायची एएफएचडीएस २ए, आणि अलीकडे उडवणाऱ्यांनीच मिळून घडवलेली खुली एक्सप्रेसएलआरएस. बार्शी लाइट या नॅरोगेज रेल्वेचा डबा जसा ब्रॉडगेजच्या रुळावर चढत नसे, तसा एकीचा रिसीव्हर दुसरीच्या रेडिओला जोडला जात नाही.

हे नवशिक्याला कुठे नडतं? तयार हेलिकॉप्टर घेताना. त्यावर बहुधा रिसीव्हर आधीच बसवलेला असतो. ब्लेड ही कंपनी आणि स्पेक्ट्रम हे दोन्ही हॉरिझन हॉबीचे, त्यामुळे 'बाइंड-अँड-फ्लाय' म्हणून विकली जाणारी ब्लेडची हेलिकॉप्टरं डीएसएमएक्सच ऐकतात. सुरुवातीला बरेच जण घेतात ते एक्सकेचं छोटं के११० फुताबाच्या एस-एफएचएसएसशी जुळतं. म्हणजे आधी हेलिकॉप्टर घेऊन मग रेडिओ शोधायला निघालात तर रेडिओची निवड दुसऱ्याच कुणीतरी करून ठेवलेली असते.

यावर तोडगा म्हणजे अनेक पद्धती बोलणारे रेडिओ. रेडिओमास्टरच्या टीएक्स१६एस किंवा बॉक्सरमध्ये 'फोर-इन-वन' मोड्यूल मिळतं. त्यात चार वेगवेगळ्या रेडिओ चिप असतात, आणि डीएसएमएक्स, एस-एफएचएसएस, एएफएचडीएस २ए या साऱ्यांसह कितीतरी चिनी खेळण्यांच्या पद्धतीही त्यात येतात. सगळ्याच येतात असं नाही. फुताबाची जुनी फास्ट पद्धत त्यात नाही. आणखी एक मेख आहे. हेच रेडिओ एक्सप्रेसएलआरएसच्या आवृत्तीतही मिळतात, दिसायला तंतोतंत तसेच. ती आवृत्ती घेतली तर ब्लेडचं हेलिकॉप्टर वेगळं मोड्यूल लावल्याशिवाय जोडलं जाणार नाही. मागवताना आवृत्तीचं नाव दोनदा वाचा.

## मोड एक की दोन

मोड दोनमध्ये डाव्या स्टिकवर थ्रॉटल-पिच आणि शेपटी, उजवीवर पुढे-मागे आणि डावी-उजवी. मोड एकमध्ये थ्रॉटल आणि एलिव्हेटर यांची अदलाबदल होते. जपानमध्ये मोड एक रुळलेला आहे, म्हणून तिथून आलेले जुने सेट बघून घ्यावेत. वाद घालण्यात अर्थ नाही: तुम्हाला शिकवणारा जो वापरतो तो घ्या, म्हणजे अडचणीत तो तुमचा रेडिओ हातात घेऊ शकेल. शिकवणारं कुणी नसेल तर मोड दोन.

## हातात धरून बघायच्या गोष्टी

शक्य असेल तर रेडिओ प्रत्यक्ष हातात घ्या. काही जण स्टिक अंगठ्याच्या टोकाने हलवतात, काही अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरतात. चिमटीने धरणाऱ्याला रेडिओमास्टर पॉकेटसारखा छोटा रेडिओ अडचणीचा होतो. त्याला मोठा, छातीशी टेकवता येणारा किंवा गळ्यात पट्ट्याने अडकवता येणारा रेडिओ बरा.

थ्रॉटलची स्टिक सरकवून बघा. विमानवाल्यांसाठी तिला खाचा असतात, टक-टक करत थांबते. हेलिकॉप्टरला खाचा नकोत, कारण तरंगत असताना पिचमध्ये अर्ध्या अंशाची दुरुस्ती करायची असते आणि दोन खाचांच्या मध्ये ती अडकते. बऱ्याच रेडिओंत खाचेची पट्टी सैल करून गुळगुळीत घर्षण ठेवता येतं; स्क्रू कुठे आहे ते विचारून घ्या. स्टिकच्या आत घासणारे पोटेन्शिओमीटर असण्यापेक्षा चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर असले तर चांगलं. त्यांत झिजण्यासारखं काही नसतं.

रंगीत स्पर्शपडदा, कातडी पकड, सोनेरी कडा यांनी हेलिकॉप्टर बरं उडत नाही. पण बोलणारा रेडिओ उपयोगाचा आहे. 'थ्रॉटल होल्ड', 'आयडल अप' असं कानावर पडलं की नजर हेलिकॉप्टरवरून हटवावी लागत नाही.

## सिम्युलेटर

हेलिकॉप्टर शेपटी आपल्याकडे ठेवून तरंगवणं लवकर जमतं. ते आडवं वळलं की गोंधळ सुरू होतो, आणि तोंड आपल्याकडे केलं की डावं-उजवं उलटं होतं. मेंदूला हे पचायला वेळ लागतो आणि तोवर होणारी मोडतोड पडद्यावर झालेली बरी. रिअलफ्लाइट, हेली-एक्स, नेक्स्ट, अ‍ॅक्यूआरसी अशी सिम्युलेटरं आहेत.

म्हणून रेडिओ संगणकाला कसा जोडला जातो हा खरेदीतला मुख्य प्रश्न मानावा. रेडिओमास्टरसारखे, एजटीएक्स ही खुली प्रणाली चालवणारे रेडिओ साध्या यूएसबी केबलने जॉयस्टिक म्हणून ओळखले जातात. स्पेक्ट्रमसाठी बिनतारी डोंगल मिळतो. फ्लायस्कायच्या एफएस-आय६ला मागच्या ट्रेनर सॉकेटमधून वेगळी केबल लागते. ज्या रेडिओवर उडवणार त्याच रेडिओवर सराव व्हायला हवा. कीबोर्डवर किंवा गेमच्या कंट्रोलरवर केलेला सराव बोटांत उतरत नाही.

## कुठला घ्यावा

हात आखडता असेल आणि छंद टिकेल की नाही याचीच खात्री नसेल तर एफएस-आय६. सहा चॅनेल, चार पेन्सिल सेल, पडदा कृष्णधवल. पण त्यात हेलिकॉप्टरचे कर्व्ह, स्वॅश, होल्ड हे सगळं आहे. ड्रोन बनवणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांमुळे तो भारतात सहज मिळतो. त्याची मर्यादा ही की तयार हेलिकॉप्टरांत त्याची पद्धत फारशी आढळत नाही, त्यामुळे स्वतः जोडलेल्या हेलिकॉप्टरवर वेगळा रिसीव्हर बसवावा लागतो.

ब्लेडचीच हेलिकॉप्टरं घ्यायची ठरली असतील तर स्पेक्ट्रमच्या एनएक्स मालिकेतला रेडिओ सरळ पडतो. मेनू हेलिकॉप्टरसाठी आयते आहेत, प्रश्न विचारत पुढे नेतात. पैसे जास्त जातात. फुताबाचा दर्जा वादातीत, पण रिसीव्हरही त्याच तोलाच्या किमतीचे, आणि शिकताना रिसीव्हर मोडतात.

माझं मत विचाराल तर फोर-इन-वन मोड्यूलचा टीएक्स१६एस किंवा बॉक्सर. एजटीएक्स शिकायला पहिले काही दिवस डोकं पिकतं, हे खरं. त्यात आयतं फार कमी, सगळं आपण बांधायचं. पण एकदा होल्ड, कर्व्ह आणि मोड स्वतःच्या हाताने बांधले की कुठली कळ काय करते हे कायमचं कळतं. पुढे रोटरफ्लाइटसारख्या खुल्या एफबीएल प्रणालीकडे जायचं झालं तर तिची सेटिंगही या रेडिओच्या पडद्यावरून बदलता येतात. मिकाडोचा व्हीबार कंट्रोल किंवा चेक कंपनीचा जेटी यांची नावं मैदानावर ऐकू येतील. दोन्ही उत्तम, आणि दोन्ही पहिला रेडिओ म्हणून नकोत.

## आपल्याकडचे नियम

भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून परवानामुक्त आहे, तेव्हा रेडिओसाठी वेगळा परवाना काढावा लागत नाही. मात्र बिनतारी उपकरण बाहेरून आणताना केंद्राच्या डब्ल्यूपीसी विभागाची प्रकार-मान्यता लागते. परदेशी संकेतस्थळावरून मागवलेलं पार्सल कस्टममध्ये अडकण्याची शक्यता त्यामुळे राहते. देशातल्या विक्रेत्याकडून थोडं महाग घेतलेलं परवडतं. अमेरिकेत चालणारं ९१५ मेगाहर्ट्झचं मोड्यूल इथे वापरू नका.

हेलिकॉप्टर मात्र २०२१ च्या ड्रोन नियमांच्या कक्षेत येतं. छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायचं २५ किलोपर्यंतचं यान त्यात 'मॉडेल' म्हणून वेगळं नोंदलेलं आहे. तुमचं मैदान हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात येतं ते डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर आधी बघून घ्या. विमानतळ किंवा लष्करी हद्दीजवळच्या मैदानाचा नाद सोडलेला बरा.

## घरी आल्यावर

रेडिओ आला, हेलिकॉप्टर आलं, दोन्ही एकमेकांना जोडून, म्हणजे बाइंड करून झालं. आता पाती काढून ठेवा आणि मोटरच्या तीनपैकी दोन वायरी सोडवा. चालू करताना आधी रेडिओ, मग हेलिकॉप्टर. बंद करताना आधी हेलिकॉप्टर, मग रेडिओ. स्टिक हलवून तबकडी योग्य दिशेला कलते का बघा. मग वायरी जोडून, पाती अजून काढलेलीच ठेवून, मोटर हळू फिरवा, होल्ड टाका, थांबली का बघा. पुन्हा फिरवा आणि रेडिओच बंद करा; एक-दोन सेकंदांत मोटर थांबली पाहिजे. या दोन्ही वेळा मोटर थांबल्याशिवाय पाती बसवू नका.